लेकीच्या जागेवरची सुपारी

६ जानेवारी
बंगळूर मानवणार असं दिसतंय! विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आजपासून मी क्युरेटर. बसवनगुडीतलं घर हवेशीर आहे, तनयच्या ऑफिसची बस कोपऱ्यावर येते, आणि आमची चार वर्षांची उल्का शेजारच्या दुकानदाराला 'अण्णा, अण्णा' करून खडीसाखर उकळायला शिकलीसुद्धा. संग्रह म्हणजे मेजवानीच: जपानी छापचित्रं, आफ्रिकी मुखवटे, तंजावरी चित्रं, आणि एक रंगवलेलं, माणसांएवढ्या उंचीचं लाकडी कुटुंब. बाप, आजी, आई आणि लेक. लेक सध्या दिल्लीच्या प्रदर्शनाला गेलीय. तिच्या जागी माझ्याआधीच्या पुरुषोत्तम सरांनी चक्क सुपारी ठेवलीय! पुण्यात सत्यनारायणाला तनय परदेशी होता, तेव्हा माझ्या शेजारच्या पाटावर त्याच्या जागी अशीच सुपारी बसली होती. पण इथे सुपारी म्हणजे किड्यांना आवतण. उचलून केरात टाकली.

१२ जानेवारी
रविवार, म्हणून दोघांना संग्रहालय दाखवायला नेलं. उल्का त्या रिकाम्या जागेवर चढली आणि लाकडी आईचा हात धरून ऐटीत उभी राहिली. ओरडायला हवं होतं, पण इतकी गोड दिसत होती की तनयला फोटो काढू दिला. उतरवताना मात्र तिने भोकाड पसरलं. ती आई हात सोडत नाही म्हणे. मी हसले.

१५ जानेवारी
उल्काचा उजवा हात कोपरात वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, लचक असेल. केसांना व्हार्निशचा वास येतोय. दोनदा न्हाऊ घातलं, जात नाही.

१८ जानेवारी
थोपटून निजवत होते. पाठीवर टकटक वाजलं. तनयनेही थोपटून पाहिलं, आणि गॅलरीत जाऊन रडला.

१९ जानेवारी
पुरुषोत्तम सरांना गाठलं. सुपारी कोणी काढली अम्मा, एवढंच विचारलं त्यांनी. जागा रिकामी दिसली की ती आई लेक शोधते, म्हणाले. धावत गेले, नवी सुपारी ठेवली. घरंगळली. परत ठेवली — परत घरंगळली. दिल्लीला फोन केला. बाहुली धाडा, पाया पडते म्हटलं. प्रदर्शन संपल्याशिवाय नाही म्हणतात. माझ्याच हाताने केलं मी हे, माझ्याच —

२१ जानेवारी
पाय गेले. गालांवर रंग चढतोय. डोळे तेवढे अजून माझ्या उल्काचे —

२२ जानेवारी
लाकडी आई कायम समोर बघायची. आज मान दाराकडे वळलीय.
सरांना विचारलं, लेकीच्या जागी दुसरं कोणी चालेल का. मी चालेन का. नाही म्हणाले नाहीत.

२३ जानेवारी
चढले. तिने हात धरलाय — गार, घट्ट. तनयचा फोन आला — उल्काने मूठ उघडली! पोळी मागितली! देवा —
डाव्या हाताने लिहितेय. कोपर धरलं —
तनय, घरात माझी जागा रिकामी ठेवू नकोस. रिकामी दिसली तर उल्का मला शोधत इथे — माझ्या पाटावर सुपारी ठे