डुकरांच्या खोपटाशी येणारी रेंज

सान रोके, कातांदुआनेस बेट
६ मे

चि. देलियोस,
अनेक उ. आ.

तुझा बिनतारी डबा बसला, आणि नुसता बसूनच आहे. फोन, इंटरनेट, टीव्ही असं सगळं घर एका सिमकार्डात कोंबून तू शहराकडची बोट गाठलीस. त्यातलं घरात काही येतं का, हे दोन घटका थांबून बघितलं नाहीस. रेंज येते ती फक्त परसात, डुकरांच्या खोपटाशी. तेव्हा आपले वडील, आपले ताताय, या वयात टीव्ही आणि खुर्ची घेऊन डुकरांशेजारी बसतात. काल मुष्टियुद्ध होतं. एकाने ठोसा उगारला आणि चित्र तिथेच थिजलं. शेजारच्या मेलानियोने येऊन विचारलं, ठोसा लागला का. ताताय म्हणाले, अजून वाटेत आहे.

तारेचा फोन काढू नकोस, दर रविवारी होनोलुलूहून तातायच्या धाकट्या भावाचा फोन येतो, असं मी तुला बजावलं होतं. तू म्हणालास, मानाय, तारा आता पाखरांना बसायला असतात. मोठा विनोद झाला. आता रविवारी ताताय चर्चमधल्या मिस्साहून येऊन फोनच्या रिकाम्या जागेपाशी बसतात. इथून लावावा, तर एक बाई गोड आवाजात सांगते की या योजनेत परदेशी फोनची सोय नाही. काकांना, तियो ताकियोंना, नवा नंबर तूच कळव.

हे पोस्टाने पाठवते, कारण डब्यातून मेसेजही धड जात नाही. माया ठेव, पण रेंजसारखी नको.

तुझी थोरली बहीण,
मानाय विसिंग


केझॉन सिटी
२१ मे

ती. मानायस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. देताना पोस्टमनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संग्रहालयातून पळून आलोय. मानाय, माझ्या घरात एक तार नाही. फोन, सिनेमे, पोरांचा अभ्यास, सगळं हवेतून येतं. तुमचं बेट मात्र अजून आजोबांच्या काळात. डबा उंच ठेव, तोंड डोंगराकडे कर, आणि दर तासाला त्याला शिव्या घालू नकोस.

तियोंना त्याच दिवशी मेसेज टाकलाय, नव्या नंबरसकट. तरी फोन केला नाही, तर रुसले असतील. आपल्या घराण्यात रुसायला कारण कुठे लागतं?

तातायना नमस्कार. राग विरघळला की दोन ओळी लिही.

तुझा,
देलियो


सान रोके
१९ जुलै

चि. देलियोस,
अनेक उ. आ.

डबा कपाटावर ठेवला, खिडकीत टांगला, मेलानियोने तर नारळाच्या झाडावर चढवून पाहिला. त्याला डुकरंच आवडतात.

तियोंचा फोन नाहीच. ताताय आता टीव्हीही लावत नाहीत. जेवताना मधेच म्हणाले, हवाईला गेल्यावर ताकियोला माणसं लहान दिसायला लागली. मग ताट सरकवलं. तू म्हणतोस रुसले. इथे एकजण खरोखर आत आत चाललाय, ते तुला तिकडून दिसणार नाही.

मानाय विसिंग


सान रोके
१४ ऑगस्ट

देलियो,

आशीर्वाद नंतर. आधी वाच.

काल दुपारी दारात प्रवाशांची जीपनी गाडी थांबली. एक वाकलेला म्हातारा उतरला. अंगात काळा कोट, हातात पांढऱ्या फुलांचं भलंथोरलं चक्र. तियो ताकियो! तीसेक वर्षांनी! माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागले. विचारतात, शेवटी फार त्रास झाला का, आणि कुठे पुरलं. मला वाटलं, विमानाने डोकं फिरलं. तेवढ्यात मागून ताताय रिकामी बादली घेऊन आले.

तियोंनी बोटाने त्यांचा दंड टोचून पाहिला. तातायनी भावाकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, फुलांवरची नावाची फीत डोळ्यांजवळ नेऊन वाचली. म्हणाले, मेलो तर मेलो, पण माझं नाव ओनोरातो नाही, होनोरातो आहे.

तियो दर रविवारी जुन्या नंबरला फोन करत होते. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असंच ऐकू यायचं. शेवटी ते धरून चालले की भाऊ गेला आणि आपल्याला कोणी कळवलंही नाही. नऊ दिवसांची प्रार्थनाही उरकली, शेजाऱ्यांना जेवू घातलं. ते ऐकून ताताय भडकले. मी इथे तुझ्या फोनची वाट बघत उपाशी, आणि तू माझ्या नावाने गावजेवणं घालतोस! असं ओरडले, आणि मग भावाचं डोकं छातीशी धरून इतके रडले, की मी चुलीपाशी निघून गेले.

तुझ्या मेसेजचंही विचारलं. तियोंकडे मोबाइल नाही. त्यांचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला आहे. तू मेसेज भिंतीला पाठवलास, देलियो.

वि.


केझॉन सिटी
२६ ऑगस्ट

ती. मानायस,
शि. सा. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा नाही. तारेचा फोन परत मागायला फोन कंपनीत गेलो, तर तिथली मुलगी हसली. तुमच्याकडच्या ताराच उतरवल्यात म्हणाली. मला तिचा राग आला, मग आठवलं की मीही असाच हसलो होतो.

तरी एक विचारतो, मारू नकोस. डबा नसता, तर तियो आले असते का?

तुझा,
देलियो


सान रोके
१७ सप्टेंबर

चि. देलियोस,
अनेक उ. आ.

गाढवपणा करून वर त्याचं श्रेय मागायचं, ही छाती फक्त तुझीच. तातायना तुझा प्रश्न वाचून दाखवला. वाटलं, चांगले फटकारतील. त्यांनी आपली खुर्ची उचलून भावाच्या खुर्चीला लावली.

तियो महिनाभर राहिले. नारळाच्या दुधातलं अळू रोज ओरपलं. लहानपणी होडी कोणी बुडवली, यावरून दोघे सकाळ-संध्याकाळ भांडले, आणि तो निकाल अजून लागलेला नाही. काल त्यांना विमानतळावर पोचवलं. मी नवा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या खिशात घालत होते. तातायनी माझं मनगट धरलं. म्हणाले, देऊ नकोस. नंबर असला की हा फोनच करत बसेल.

तियोंनी ते ऐकलं. कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवली.

आता तुझं सांग. नाताळला येतोस ना? येण्याआधी फोन करू नकोस. लागणार नाही.

मानाय विसिंग