मैदानाच्या कडेला तुझ्या कुड्या

प्रिय शांता,

आज सकाळी तुझ्या मोत्याच्या कुड्या वीणाच्या कानांतून निघाल्या आणि माझ्या कानांत गेल्या. वीणाने संध्याकाळी फोन करून मोहनला ते सांगितलं. उद्या रविवार. तो कामाच्या गावाहून, आनेकलहून येईल, तुझ्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसेल आणि तुला अर्धीच गोष्ट सांगेल. माझ्या भावाला रडू आलं की पुढचं राहून जातं. म्हणून आजच लिहिते.

दमले आहे गं. तू गेल्यापासून तुझी लेक माझ्याकडे जयनगरला आहे. एकटीचा डबा करून टेलिफोन ऑफिसला जायची सवय झालेली बाई मी. या वयात वेण्या, वह्या, दूध, सगळं नव्याने शिकतेय. हे काम माझ्यावर टाकून जाण्याआधी एकदा विचारलं असतंस तर? नाही म्हटलं नसतं. पण विचारायचं होतंस!

वीणाने शाळेत नेटबॉल घेतलाय. तू विचारशील, हे काय नवीन? बास्केटबॉलची धाकटी बहीण समज. पण यात चेंडू हातात आला की पळायचं नाही. पकडला तिथे थांबायचं आणि लगेच दुसरीला द्यायचा. सहा महिने जी मुलगी ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे बोलली नव्हती, ती एका संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाली, "आत्या, मला उंचीमुळे घेतलंय. मी गोलापाशी उभी राहणार." दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग मी का नाही म्हणेन?

तयारीत माझा आठवडा गेला. मोहनने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, दोन नंबर मोठे! "वाढता पाय आहे, अक्का. पुढे कापूस घालू." मी म्हटलं, "धावता धावता जागच्या जागी थांबायचा खेळ आहे हा. कापूस घालून तोंडावर पडेल पोर." बदलून आणले. फोर्थ ब्लॉकच्या शिंप्याकडे चुण्यांचा स्कर्ट टाकला. तो म्हणतो, "अक्का, स्वल्प लांब ठेवतो, बरं दिसतं." म्हटलं, तिला पळायचंय, लग्नाला जायचं नाहीये. आत घालायची चड्डी, जाड मोजे, टॉवेल, पाण्याची बाटली. सगळ्यावर नाव घातलं.

मग शाळेच्या खेळाच्या बाईंनी पाठवलेली चिठ्ठी मी जेवताना मोठ्याने वाचली. नखं बोटांच्या आत कापलेली. केस घट्ट बांधलेले, पिना नकोत. कपडे सुती. अंगावर एकही दागिना नको, कानातलंसुद्धा.

वीणाने हातातला घास खाली ठेवला.

"आत्या, हे तेच आहे."

"काय तेच?"

"आईला सांगितलेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

आणि मला आठवलं. तुझ्या खाटेपाशी उभी राहून नर्सने अगदी हेच म्हटलं होतं. नखं कापा, दोन वेण्या घाला, पिना काढा, दागिने घरच्यांकडे द्या. तुझी नखं मीच कापली होती. तू कुड्या काढून वीणाच्या कानांत घातल्यास आणि म्हणालीस, "मी परत येईपर्यंत घालून बस. फिरकी सैल आहे बघ, चाळा करू नकोस."

परत येईपर्यंत! कशाला गं असं बोललीस? बेळगावची माणसं तुम्ही, बोलायला लागलात की थांबत नाही. ‘सांभाळ’ एवढं म्हटलं असतंस तरी चाललं असतं. पोरीने चाळा केला नाही. कुड्या काढल्याही नाहीत. आंघोळीला नाही, झोपताना नाही.

मी कुड्यांवर चिकटपट्टी लावून तिला पाठवलं. बाईंनी बाकावर बसवलं. मी स्वतः गेले आणि म्हटलं, स्वल्प अड्जस्ट करा. अख्खं बंगळूर ज्या शब्दावर चालतं, तो त्या बाईंवर चालला नाही. "मेडम, मागच्या वर्षी एका मुलीच्या कानाची पाळी फाटली. अड्जस्ट नाही." मला राग आला नाही. नियम बरोबर होता, आणि बरोबर नियमाशी मी कधी भांडले नाही.

त्यानंतर ती रोज जायची. बूट बांधायची, स्कर्ट घालायची, नखं दाखवायची आणि बाकावर बसून राहायची. एकदा ऑफिसातून लवकर निघून मी कुंपणाबाहेरून पाहिलं. चेंडू कडेला आला की ती उठून उचलायची, आत फेकायची, पुन्हा बसायची. शांता, तुला ते बघवलं नसतं. मला बघावं लागलं.

काल बाईंनी सांगितलं, उद्या शनिवारी दुसऱ्या शाळेशी सामना आहे. वीणा कानातलं काढणार असेल तर खेळेल, नाहीतर तिची जागा दुसरीला.

रात्रीच्या भांड्यांना मी हात लावला होता. मागून म्हणाली, "आत्या, काढते. पण डबीत नाही ठेवायच्या."

"मग कुठे ठेवू? देवापुढे?"

"नाही. तू आईचं सगळं डब्यांत घातलंस. साड्या ट्रंकेत, घड्याळ डबीत, चष्मा डबीत. डबीत गेलं की कुणी काढत नाही." मग हळूच, "तू घाल. कानांत."

मी! हे गेल्यापासून माझे कान ओकेबोके आहेत. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी उतरवायला सांगितलं आणि मी उतरवलं. वाद घालायला त्या वेळी अंगात त्राण नव्हतं, आणि नंतर सवय झाली. सवाष्ण गेलेल्या भावजयीचे मोती विधवा नणंदेने घालायचे? आपल्या नात्यातल्या बायकांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आले. पण खरं सांगू? त्यांच्यातली एकही कधी त्या बाकाशेजारी येऊन बसली नव्हती.

"भोकं बुजली असतील माझी," मी म्हटलं.

"बघू दे," म्हणून तिने माझा कान दिव्याकडे वळवला. थेट तुझ्यासारखंच, न विचारता!

उजवं उघडं होतं. डाव्याला आज मैदानावर थोडं रक्त आलं. खोबरेल लावून तिनेच कुडी आत सरकवली, फिरकी बसवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी परत येईपर्यंत घालून बस."

मी मान हलवली, तर तिने लगेच दटावलं, "हलू नकोस, फिरकी सैल आहे."

कडेला आमच्या गल्लीतल्या सरोजम्मा भेटल्या. "अक्का, मोती! आज काय विशेष?" म्हटलं, "ड्यूटीवर आहे." त्या हसल्या आणि आपल्या पिशवीतली मोसंबी सोलून माझ्या हातात दिली. एवढंच झालं. मी काय काय ऐकायची तयारी करून गेले होते!

सामना हरले गं, चांगलेच हरले. वीणाने बरेच चेंडू अडवले, एकदा दोन्ही हात वर करून उडी मारली तेव्हा मला तिच्या जागी तू दिसलीस, दोरीवर चादर टाकताना. पण चेंडू पकडून थांबायला ती अजून शिकलेली नाही. दोनदा पाऊल पुढे पडलं, दोनदा शिट्टी. शिकेल.

संपल्यावर इतर मुली पाण्याकडे धावल्या. ही सरळ माझ्याकडे आली. धापा टाकत, घामाने निथळत, हात पुढे करून.

तुला एक शब्द देते. जोवर ती खेळेल तोवर दर सामन्याला मी कडेला असेन. पाय दुखोत, ऑफिस असो. तुझ्या कुड्या डबीत जाणार नाहीत. त्या एकतर तिच्या कानांत असतील, नाहीतर माझ्या.

आता दिवा घालवते. उद्या मोहनला नीट जेवायला घालायचंय.

तुझी,
अक्का

ता.क. ड्यूटीची पाळी बदलताना काय दिलं, काय घेतलं ते लिहून सही करायची, ही आमच्या ऑफिसची रीत. म्हणून:

सामन्याआधी, मैदानाच्या कडेला: मोत्याच्या कुड्या, एक जोडी, फिरक्यांसह. वीणाकडून मला.

सामन्यानंतर, त्याच जागी: त्याच कुड्या, एक जोडी, फिरक्यांसह. माझ्याकडून वीणाला. न्यायला ती स्वतः परत आली.