एक ठोका म्हणजे थांब

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी पाठीसाठी पडून राहायला सांगितलंय, तर पडून राहा. अंथरुणात शाळेच्या वह्या तपासणं म्हणजे विश्रांती नव्हे, पण तुला सांगणारा मी कोण म्हणा.

इकडची बातमी बरी नाही. मोठं शीड शिवायला द्यायचं म्हणून काल मी आणि बाबा होडीवर ते उतरवत होतो. शिडाच्या शेंड्याचा दोर सोडला की त्याचं टोक आधी खाली बांधायचं आणि मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा, हे मला कुणी शिकवलं ते तुला ठाऊक आहे. काल बाबांनी दोर सोडला, टोक हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली. दोर सरसर वर गेला आणि थेट डोलकाठीच्या टोकाला कप्पीत जाऊन अडकला. बाबा वर बघत राहिले आणि मग मलाच विचारू लागले, की हे कुणी केलं.

अलीकडे हे असंच चाललंय. चष्मा फ्रीजमध्ये सापडला तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

गुरुवारी मला वर जावं लागणार. कप्पी झिजलीच आहे, ती बदलायची आणि दोर खाली आणायचा. मी फळीवर बसणार आणि खालचा माणूस दुसऱ्या दोराने मला वर खेचून तो दोर खुंटीला बांधणार. आपल्याकडे ते काम बाबांचं. वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत म्हणून वरून पान्याने डोलकाठीवर ठोके द्यायचे, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली सोड. बाबांनी आजच आपले चामडी हातमोजे तेल लावून ठेवलेत. त्यांना नको कसं म्हणू? मला उंचीची भीती कधीच वाटली नाही. खाली कोण उभं आहे याची वाटते, आणि हे लिहिताना लाजही वाटते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


७ मार्च

चि. माकडास अ. आ.

तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. एका पोराच्या बरोबर आलेल्या गणितावर मी फुली मारली.

बाबांच्या हाती दोर देऊ नकोस. शेजारच्या होडीवरच्या सुताराला बोलव. तो तोंडाचा फटकळ आहे, पण डोकं जागेवर आहे. बाबा रागावले तर माझ्यावर ढकल. लहानपणी फुटलेल्या काचा ढकलताना तुला कधी संकोच वाटला नव्हता. त्यांचं मन दुखेल हे मलाही कळतं. दुखू दे. तू खाली पडलास तर ते कुणाला धरून जगतील?

उत्तर लगेच लिही. सुतार हो म्हणाला एवढं कळलं तरी मला पुरे.

तुझी,
ताई


गुरुवार, १० मार्च

चि. बडबडीस अनेक उ. आ.

तुझी पाठ कशी आहे? मी ठणठणीत आहे. शीड उतरवून, घडी घालून शिवायला पाठवलं. सकाळी शेजारचा सुतार उगाच मदतीला म्हणून येऊन उभा राहिला होता. आपल्या होडीला परक्याचा हात कशाला, म्हणून मी त्याला गोडीत परत पाठवलं. गेला बिचारा तोंड पाडून.

तुझा भाऊ मात्र सकाळपासून दिसत नाही. कुठे उंडारतोय देव जाणे. जेवायची वेळ टळून गेली, शेवटी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मी जेवून घेतलं. आल्यावर चांगला कान पिळतो.

हल्ली गोदीत कामाची शिस्त राहिली नाही. मघाशी निघताना पाहिलं तर आपल्याच होडीवर कुणीतरी एक दोर ताणून खुंटीला बांधून ठेवलेला. शीड उतरलेलं असताना त्याचं काय काम? आता परत जातोच आहे, तो सोडून नीट गुंडाळून ठेवतो. वाटेत हे पत्र पेटीत टाकीन.

म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझे,
बाबा


१२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. बाबांचं पत्र आत्ता मिळालं. शेजारणीला गोदीच्या ऑफिसात फोन करायला लावला, तिथे कुणी उचलत नाही. दुसरा कुठला नंबर माझ्याकडे नाही. भिंत धरून दारापर्यंत गेले आणि तिथेच बसले.

तू खाली आलास का, एवढंच लिही. कुणाच्याही हाताने लिहून पाठव.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खाली आलो. हातपाय शाबूत आहेत आणि हे अक्षरही माझंच आहे. बाबांनी तुला पत्र लिहिल्याचं मला माहीतच नव्हतं. खरं तर तुला यातलं काहीच कळवणार नव्हतो.

सुताराला त्यांनी परत पाठवलं आणि मला त्यांच्याशी वाद घालवला नाही, ही चूक माझी. कप्पी बसवेपर्यंत सगळं ठीक होतं. खाली पाहिलं तर बाबा हातमोजे काढून घराकडे चालले होते. ओरडून घसा बसला. दुपारची वेळ, गोदीत चिटपाखरू नव्हतं. ते परत आले तेव्हा जीव भांड्यात पडला, पण त्यांनी वर पाहिलंच नाही. केबिनमध्ये डोकावून मला शोधलं आणि मग सरळ माझ्या दोराशी येऊन गाठ सोडायला लागले. ओरडलो असतो तर दचकून त्यांच्या हातून दोर सुटला असता. गाठीचा एक फेरा निघाला तशी फळी हलली. ताई, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

मी पान्याने एक ठोका दिला. त्यांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी फेरा परत घातला आणि पाय रोवून दोर धरला. दोन ठोके दिले, तेव्हा त्यांनी मला हळूहळू खाली आणलं, पूर्वी आणायचे तसंच. वर मात्र तेव्हाही पाहिलं नाही. मी समोर उभा राहिल्यावर जेवण गार झालं म्हणून रागावले.

काल त्यांनी मला विचारलं, की त्या दिवशी आपण दोर सोडत होतो का. मी नाही म्हणालो, तुम्ही गाठ तपासत होतात असं सांगितलं. तुला विचारलं तर तूही तेच सांग, आणि त्यांचं ते पत्र त्यांना कधी दाखवू नकोस.

आज शीड शिवून आलं. ते चढवायला होडीवर गेलो तर सुतार आधीच हजर, हातात बाबांचे हातमोजे. पहाटेच बाबा त्याच्या दारी गेले होते म्हणे. हातमोजे त्याच्या हवाली केले आणि एक म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली सोड, हे दाराच्या चौकटीवर ठोकून त्याला पाठ होईपर्यंत शिकवत बसले.

तुझा लोभ पाठीशी असू दे.

धाकटा