वरच्या पत्र्यावरचा नंबर

प्रिय भुंग्या,

या आठवड्यात घरात काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे हाताला जरा वळण पडेल. एक बादली, चौतीसला. गेल्या साली हीच तेवीसला होती आणि कडी याहून जाड होती. पाव किलो खिळे, नऊ. मागच्या दाराची बिजागरी एकच घेतली, सहाला, कारण दुसरी अजून धरून आहे. देवाच्या दिव्याला तेल, अकरा. तू असतास तर म्हणाला असतास, "ऑडिटर बाई, हे पत्र आहे की वहीचं पान?" असू दे. साडेचार वर्षांनी तुझ्यासाठी पेन हातात धरलंय, आणि मला सरळ सुरुवात करता येत नाहीये.

मी का लिहिलं नाही ते तुला माहीत आहे. तू बॅग घेऊन उंबऱ्यात उभा होतास तेव्हा तुझे बाबा म्हणाले, समुद्रापलीकडच्या ज्यांच्या स्वस्त पत्र्याने आपला कारखाना बुडवला त्यांच्याच पायरीवर निघालास, तर या घराशी पत्राचाही संबंध ठेवू नकोस. तू म्हणालास, "बाबा, इथे तुम्ही तीन वर्षं खाटेवर बसून आहात, मीही शेजारी बसू का?" तू गेल्यावर त्यांनी मला देवासमोर उभं केलं आणि माझ्याकडून शब्द घेतला की मी होऊन तुला लिहिणार नाही. इतर कशावर हात ठेवून घेतला असता तर मी मोडलाही असता. पेटत्या दिव्यासमोर दिलेला शब्द मला मोडता येत नाही, हे ते ओळखून होते.

तुझं एकच पत्र आलं, शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंच्या पत्त्यावर. तू हुशारीने त्यांचं नाव घातलंस. ते मी इतक्यांदा वाचलंय की घड्यांवरची अक्षरं गेली आहेत. तुला पत्रा तपासायचं काम मिळालं. शंभर पत्र्यांचं एक बंडल, बांधण्याआधी वरचा पत्रा बघायचा, कुठे चीर नाही, डाग नाही, आणि कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने ब्रशने तारीख आणि आपला नंबर घालायचा. तुझा नंबर एकशे सात. शेवटी लिहिलं होतंस, "आई, हे पत्रे बोटीने कुठे कुठे जातात, कदाचित आपल्या गावातही येतील."

ते वाक्य तू गंमतीने लिहिलं असशील. मी दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या पेटीवाल्याकडे गेले. तो पातळ पत्र्याच्या पेट्या आणि कपाटं करतो, आणि तसा पातळ पत्रा तुमच्याकडूनच यायचा. मी म्हटलं, मला पेटी घ्यायची आहे, पत्रा बघू दे. तिसऱ्या बंडलावर तुझा नंबर होता. तारीख बावीस दिवसांपूर्वीची. मी तिथेच पिंपावर बसले. पेटी काही घेतली नाही. पुढल्या गुरुवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढल्या गुरुवारीही. महिन्याभराने पेटीवाला म्हणाला, "वहिनी, इतके पत्रे तर बंदरावरचा साहेबसुद्धा उलटत नाही." तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. त्यानंतर नवा माल आला की तो एकशे सातचं बंडल माझ्यासाठी न कापता बाजूला ठेवायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर मी त्या तारखा उतरवल्या आहेत. एकूण एकसष्ट. त्या प्रत्येक दिवशी तू आपल्या पायांवर उभा होतास, ब्रश रंगात बुडवण्याइतका तुझा हात चालत होता. जानेवारीत चार आठवडे तुझा नंबर दिसला नाही तेव्हा माझ्या तोंडाची चव गेली. मग फेब्रुवारीची तारीख आली, आकडे थोडे थरथरलेले होते. आजारी होतास ना? मी त्या दिवशी देवापुढे जास्तीची वात लावली.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. पेटीवाला तो नंबर खरवडत नाही, पत्र्याची ती बाजू आत घेतो. त्यामुळे तुझा नंबर गावात घरोघरी आतल्या बाजूने आहे. डॉक्टरीणबाईंनी औषधांचं कपाट उघडलं तर दाराच्या आत एकशे सात. शाळेत खडूंची पेटी उघडली, एकशे सात. मी बोलता बोलता थांबते, लोकांना वाटतं म्हातारीचं लक्ष नाही. गेल्या वर्षी काकूंची सासू गेली, तिच्या पेटीतून पांढरी चादर काढायला मला सांगितलं. झाकण वर केलं, आणि मृत माणसाच्या खोलीत माझ्या मुलाचं अक्षर माझ्याकडे बघत होतं. तेव्हापासून कुठलंही झाकण उघडताना माझा हात आधी थबकतो.

आता जे मी केलं ते सांगते. दीड वर्षापूर्वी युनियनचे सेक्रेटरी घरी आले. बाहेरच्या पत्र्यावर सरकारने कर बसवावा असा अर्ज होता, आणि बायकांच्या सह्या हव्या होत्या. म्हणाले, "पुरुषांच्या सह्या मंत्री मोजतात, बायकांच्या वाचतात." कामगारांच्या घरांच्या आपल्या ओळीत मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून पहिली सही माझी. बाकीच्यांची नावं मीच लिहिली आणि त्यांचे अंगठे घेतले. एवढ्यावर थांबले नाही. देवाला बोलले की कारखाना सुरू झाला तर वर्षभर एकवेळ जेवेन. मागताना माझ्या डोळ्यांसमोर तुझे बाबा होते, खाटेवर बसून भिंतीकडे बघणारे. तू नव्हतास. तुमच्या कारखान्याचा पत्रा अडवा, असं मी मागतेय, म्हणजे तुझ्या हातातला ब्रश अडवा असं मागतेय, हे मला खरंच सुचलं नाही. बेरीज करणाऱ्या बाईला हे सुचू नये.

देवाने ऐकलं. कर बसला, आणि तीन महिन्यांनी सहा वर्षं गप्प असलेला भोंगा वाजला. ओळीतल्या सगळ्या बायका दारात आल्या, एकीच्या हाताला साबण तसाच होता. तुझ्या बाबांना परत बोलावलं, पत्रा लाटायच्या त्यांच्या जुन्याच यंत्रावर. पहिल्या दिवशी ते घामाने निथळत आले आणि पोरासारखे जेवले. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी वर्षभर एकवेळ जेवले आणि त्या भुकेतही मला सुख होतं.

पण वही लिहायची सवय वाईट. सेक्रेटरी परवा म्हणाले, "बघितलंत वहिनी, देश कसा उभा राहिला." मी घरी येऊन हिशोब मांडला. पूर्वी कारखान्यात आठशे साठ माणसं होती, परत घेतली दोनशे चाळीस. त्या दोनशे चाळीस घरांत चूल नीट पेटते, वाण्याची उधारी फिटली, केस कापणाऱ्याने दुसरी खुर्ची घेतली. हे सगळं खरं आहे. पण आपला कारखाना जाडच पत्रा काढतो. पातळ अजूनही बाहेरूनच आणावा लागतो, आता कर भरून, दीडपट भावाने. पेटीवाल्याकडे चार कारागीर होते, एक उरला. नदीपलीकडे बसचे सांगाडे बांधणारे चाळीस जण आठवड्याला तीनच दिवस कामावर जातात. शाळेने बाक कमी मागवले, लहान वर्गात एका बाकावर तिघं बसतात. ज्याला मिळालं त्याच्या दारात भोंगा वाजतो. ज्याचं गेलं त्याच्याकडे काहीच वाजत नाही, तो मुकाट्याने घरी बसतो. माझ्या घरापुरती बेरीज नफ्याची आहे. गावाची मला जमत नाही. देशाची मोठी माणसं करत असतील, पण त्यांच्या वहीत तुझा रकाना कुठे असेल, मला माहीत नाही.

कर बसल्यावर पेटीवाल्याकडे तुमचा माल थोडाच यायला लागला आणि त्यात तुझा नंबर दिसेना. एक महिना, दोन महिने, मग मी मोजणं सोडलं. तुझी शेवटची तारीख गेल्या वर्षीच्या नऊ मार्चची. तिकडून परतलेला एक फिटर म्हणाला की तुमच्याकडचं एक अख्खं खातं बंद झालं, पुष्कळांना काढलं, जे राहिले त्यांच्याकडून दोघा-दोघांचं काम घेतात. त्याला तुझं नाव माहीत नव्हतं. मी गुरुवारी जायची ती जातच राहिले, नुसती. पेटीवाला स्टूल पुढे करायचा आणि कामात तोंड घालायचा.

मागच्या गुरुवारी त्याने स्टूल पुढे केलं नाही. म्हणाला, "वहिनी, दोन बंडलं आली आहेत. तुमचा नंबर आहे." मी पुढे गेले. एकशे सात होता. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. मी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले. लहानपणी माझ्या वहीत तू काढलेला इंग्रजी सात अगदी एकासारखा दिसायचा, माझी बेरीज चुकायची, म्हणून मी तुला सातच्या पोटात आडवी रेघ मारायला लावली होती. एकसष्ट तारखांना एकसष्ट रेघा होत्या, आजारपणातसुद्धा. या सातला रेघ नव्हती. दुसरं बंडल उलटलं. तिथेही नाही. एकचा आकडा जरा डावीकडे कलला होता, शून्य बारीक होतं. पेटीवाला म्हणाला, "घाईत राहिली असेल." मी हो म्हटलं.

घरी आले आणि काहीच बोलले नाही. तुझ्या बाबांना वाढत होते. ते ताटाकडे बघत म्हणाले, "त्या सातला रेघ नाही." मी डाव पातेल्यात ठेवला. ते म्हणाले, "तुझ्या वहीचं शेवटचं पान मी वाचलं होतं. मी मंगळवारी जातो, शिफ्ट सुटल्यावर. खाटेवर होतो तेव्हाही जायचो. त्याला सांगून ठेवलं होतं, घरी बोलायचं नाही." भुंग्या, त्या पेटीवाल्याने साडेचार वर्षं आम्हा दोघांना एकमेकांपासून सांभाळलं. मी विचारलं, नंबर दुसऱ्याकडे जातो तो कशाने. म्हणाले, कारखान्यात नंबर रिकामा ठेवत नाहीत. माणूस काम सोडून गेला की देतात. आणि, म्हणाले, आणि तिथेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "लिही त्याला. त्या शब्दाचं देवाशी मी बघून घेतो." जे देवापुढे कधी हातही जोडत नाहीत, ते हे बोलले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी मला दोनदा विचारलं, लिहिलंस का.

म्हणून लिहिते आहे. पण तुझ्या नावाचं पत्र, तू तिथे नसलास तर, एखाद्या कपाटात पडून राहील. म्हणून पाकिटावर मी तुझं नाव घातलेलं नाही. कारखान्याचा पत्ता घातला आहे, आणि वर 'पत्रा तपासणी, नंबर एकशे सात'. म्हणजे नंबर ज्याच्याकडे असेल त्याच्याच हातात ते पडेल. इथून गेलेले पुष्कळ जण तिकडे आहेत, कोणी ना कोणी वाचून दाखवील. भुंग्या, तू असलास तर एवढंच कर, रेघ मारायला विसरलो होतो असं लिही, मी विश्वास ठेवीन. आणि तो नसेल, तर दादा, तुम्ही जे कोणी हे वाचत असाल त्यांना सांगते. तुमचे आकडे मी पाहिले. जपून काढलेले आहेत, नव्या माणसाचे. तुमच्यावर माझा राग नाही, तुमच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल. तुमच्या आधी तो ब्रश माझ्या मुलाच्या हातात होता. अंगाने बारीक, उजव्या भुवईत खोक, काम करताना गुणगुणायची सवय. तो काम सोडून गेला असेल तर कुठे गेला ते सांगा. दुसरं काही झालं असेल तर तेही सांगा, आणि तारीख घाला. त्याला काढायला लावणाऱ्या त्या कराच्या अर्जावर पहिली सही माझी आहे, तेव्हा मला वाईट वाटेल म्हणून काही झाकून ठेवू नका. जे असेल ते उलट टपाली कळवा.

तुझीच,
आई