अठराव्या कप्प्यातला पाना

रुपीनगर, तळवडे
गुरुवार, १५ मे २०२५

चि. स्वरूपा,

आशीर्वाद. मी बरी आहे. रागावली असलीस तरी नागपूरच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून जा.

गेल्या सप्टेंबरातल्या त्या सकाळी पाण्याचा दिवस होता. सहाला नळ सुटला तसा मी आधी पिण्याचा हंडा भरला, मग बाहेर पिंपाला पाइप लावला. कणीक मळून झाकून ठेवली होती. डब्यासाठी गवार निवडली, तुझ्या बाबांचा एक शर्ट भिजत टाकला. साडेसातला त्यांचा फोन आला. मी तो नेहमीसारखा मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, आवाज मोठा केला, शेजारी त्यांची वही उघडली आणि पोळ्या लाटता लाटता वाचायला लागले.

"एक, मोठा स्क्रू ड्रायव्हर."

"आहे."

"दोन, लहान."

"आहे."

चाळीस हत्यारं होती. त्यांच्या पिशवीला चाळीस कप्पे. त्यांनी म्हणायचं "आहे" आणि एकेक कप्प्यात घालायचं. शेवटी मी "पूर्ण" म्हणायचं, मग ते विमानाचं झाकण बंद करायचे. शाळेत असताना तू म्हणायचीस, "आईचे पाढे सुरू झाले." त्या दिवशीही मी पूर्ण म्हटलं. पोळ्या झाल्या, डबा भरला, चाकणची बस पकडली.

हे सगळं मी आता का लिहितेय ते सांगते. रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, सही करून टाक. बाबांना आता काय फरक पडतो? मला पडतो." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून उचलत नाहीस. कागद मात्र फोनसारखा मध्येच ठेवता येत नाही. फाडलास तरी आधी थोडा वाचशील. तुझ्या रणजीतकाकांनी तुला अर्धंच सांगितलंय, म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहिते, तुला माहीत असलेलंही.

तुझे बाबा विमानं दुरुस्त करायचे आणि एसटीनं जायचे. ते कामाला होते ती रणजीतभाऊंची एजन्सी भोसरीत, पण बिघडलेलं विमान काही भोसरीला येत नाही, ते जिथं बिघडतं तिथंच उभं राहतं. कुठं शिकाऊ वैमानिकांचा क्लब, कुठं एखाद्या कारखानदाराचं चार खुर्च्यांचं विमान. फोन आला की पिशवी खांद्याला. धुळे, लातूर, कराड, अकोला. महिन्यातले वीस दिवस बाहेर. झोप शेडमध्येच, विमानाच्या पंखाखाली. परत आले की त्यांच्या केसांनासुद्धा पेट्रोलचा वास यायचा. शेजारच्या रुक्मिणीबाई विचारायच्या, "आले का विमानाचे डॉक्टर दौऱ्यावरून? पेशंट कसा आहे?" तर हे म्हणायचे, "उडाला, वहिनी. आमच्यात बरा झाला की पेशंट उडतो."

स्वतः कधी विमानानं कुठं गेले नाहीत. ज्या गावाला जात तिथल्या स्टँडवरून माझ्यासाठी एक पुस्तक आणत. मला सातवीनंतर शाळा नव्हती. मराठी मी त्या पुस्तकांवर पक्कं केलं आणि इंग्रजी त्या हत्यारांच्या वहीवर. वही पाठ झाली तेव्हा त्यांची दुरुस्तीची जाड पुस्तकं काढली. सगळं कळत नव्हतं, पण शब्द ओळखीचे होत गेले.

या कामात एक नियम आहे, तो तू नागपूरच्या विमानदुरुस्तीच्या कोर्समध्ये शिकलीच असशील. शेपटी वर-खाली करणाऱ्या तारांना हात लावला की एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. झाकण लावण्याआधी दोघांनी मिळून हत्यारं मोजायची. कागदावर दोन सह्या. रणजीतभाऊ दुसरा माणूस पाठवतच नव्हते. तुझ्या बाबांनी तीनदा मागितला, एकदा माझ्यादेखत. रणजीतभाऊ हसले, "नवनाथ, भावा, तू एकटा दोगांच्या तोडीचा हायस." आणि दुसरी सही भोसरीत बसून स्वतः ठोकायचे, दोनशे कोसांवरचं न बघितलेलं काम बघितलं म्हणून.

तुझ्या बाबांना ते सहन होत नव्हतं, पण कामही सोडवत नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. तारा तपासायला मी तिथं नव्हते, पण हत्यारं तर मोजू शकत होते. नऊ वर्षं ते पूर्ण म्हणायचं काम मी केलं. त्यांची चूक तिथं होती हेही लिहून ठेवते. त्यांनी "दुसरा माणूस नाही, मी सही करत नाही" म्हणायला हवं होतं. त्यांनी मला फोन लावला.

ते त्याच दिवशी गेले. सप्टेंबरची एकोणीस तारीख. काम उरकून, क्लबच्या साहेबाला विमान सोपवून, स्टँडवर गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. छातीत कळ आली एवढंच पलीकडच्या माणसाला सांगता आलं. त्यांची पिशवी रणजीतभाऊंच्या ड्रायव्हरनं आणून दिली.

एप्रिलमध्ये तेच विमान उतरत होतं आणि नाक वर येईना. धावपट्टीवर आपटलं. आत एकटी शिकणारी मुलगी होती, करिष्मा, तुझ्याच वयाची. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला, आणि डॉक्टर म्हणतात ते खरं धरलं तर ती नशिबानं वाचली. शेपटी उघडली तेव्हा तारांच्या चाकात सात-सोळा मापाचा छोटा पाना अडकलेला सापडला. दांड्यावर तुझ्या बाबांनी कोरलेला 'न' आणि पुढं अठरा.

गेल्या शनिवारी रणजीतभाऊ घरी आले. म्हणाले, "वैनी, चहा गोड करा. आज बातमी गोड हाय. स्वरूपाला जूनपासून आपल्याकडं लावून घेतो." मी चहा ठेवला. मग त्यांनी पिशवीतून दोन पानं काढली. "चौकशीवाल्यांना द्यायचंय. नुसता फॉर्म हाय. हितं सही."

मी चष्मा लावला.

"वैनी, इंग्रजीत हाय ते."

"दिसतंय."

"वाचून काय करताय? मी सांगतो की."

"तुम्ही चहा घ्या."

दीड पान वाचायला मला वीस मिनिटं लागली. त्यांच्या चहावर साय धरली. त्यात लिहिलं होतं की माझ्या पतीला सहा महिने छातीत दुखत होतं, ते त्यांनी कंपनीपासून लपवलं आणि दुसरा माणूस देऊ केला तरी हट्टानं एकटेच काम करत राहिले. 'कन्सील्ड' असा शब्द होता. तो मला त्या जाड पुस्तकांमुळं माहीत. वरून रंग धड दिसतो आणि आत गंज असतो, त्याला तसं म्हणतात.

मी म्हटलं, "रणजीतभाऊ, हे खोटं आहे."

"वैनी, मेलेल्या माणसाचं काय जातंय? जित्या माणसाचं लायसन जातंय. बारा पोरांच्या चुली हायत माझ्या जिवावर. आन् तुमच्या पोरीचं तरी बगा."

"तिचंच बघतेय."

तेव्हा ते चिडले. आत्तापर्यंत दिराच्या नात्यानं बोलत होते, आता मालकाच्या आवाजात बोलले, "मग पाना काय माझा हाय का? त्येचाच हाय न्हवं? कुणी ठिवला शेपटीत?"

स्वरूपा, याचं उत्तर मी त्यांना दिलं नाही. तुलाही आठ महिने दिलेलं नाही. आता देते.

मी वर लिहिलं, त्या दिवशीही मी पूर्ण म्हटलं. मधलं गाळलं. सतरा नंबर वाचला तेव्हा बाहेरून रुक्मिणीबाई ओरडल्या, "अहो स्वरूपाच्या आई, पिंप वाहतंय! सगळा जिना धुतलात!" मी तुझ्या बाबांना थांबा म्हटलं, पिठाच्या हातानं धावले, नळ बंद केला, पाइप गुंडाळला, खालच्या बाईची दोन वाक्यं ऐकून घेतली. परत आले तर पोळी करपत होती. ती काढली, पीठ लागलेलं बोट वहीवर ठेवलं आणि पुढं वाचलं, "एकोणीस, पक्कड." ते म्हणाले, "आहे." तिकडं विमान धावपट्टीवर न्यायला माणूस येऊन उभा होता, मला बसची घाई होती. मी अठरा वाचलाच नाही.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, तेव्हा मी पिशवी उघडली. ते घरी आले की आम्ही दोघं हत्यारं पुसायचो, म्हणून पुसायला बसले. अठरावा कप्पा रिकामा होता. वही काढली. अठराव्या ओळीवर पिठाचा डाग होता, वाळून घट्ट झालेला.

तेव्हाच एक फोन करायला हवा होता. "ते विमान उडवू नका, शेपटी उघडा." एवढीच दोन वाक्यं. मी स्वतःला सांगितलं की दवाखान्यात पिशवी इकडून तिकडं झाली, कुणी उचलला असेल, कुठं पडला असेल. तो डाग मी ओल्या फडक्यानं पुसला. चाकणच्या कंपनीत माझ्या हाताखालून दिवसाला हजार बुश, यंत्रात बसणारी छोटी नळकांडी, तपासून जातात, एकही गेजच्या मापाबाहेरचा मी सोडत नाही, सुपरवायझरशी भांडते. आणि हे सोडलं. त्यांचं नाव शेवटचं जिथं लागलं ते काम चुकीचं होतं, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. ती मुलगी आपटेपर्यंत वळली नाही.

म्हणून रणजीतभाऊंना मी एवढंच म्हटलं, "पाना त्यांचाच आहे. सही मात्र करणार नाही." ते चहा तसाच ठेवून गेले आणि त्यांनी तुला फोन लावला.

मंगळवारी मी सुट्टी टाकून पुण्याला त्या अपघाताच्या चौकशीच्या साहेबांकडं गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. दीड तास बाहेर बसवलं. आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

"सातवी. पुढचं घरी."

मी पिशवी टेबलावर ठेवली, वही उघडून दाखवली आणि सगळं सांगितलं. पाना कुणाचा, यादी कोण वाचत होतं, कुठला नंबर सुटला, रिकामा कप्पा मला कधी दिसला. दुसरी सही करणारा माणूस त्या विमानाजवळ कधीच नव्हता हेही सांगितलं. आणि म्हटलं, अपघातापर्यंतच्या सात महिन्यांत त्याच एजन्सीनं त्या विमानाच्या दोन तपासण्या केल्या असं त्यांचाच कागद सांगतो. त्या दोन्ही वेळेला शेपटी उघडली असती तर पाना हाताला लागला असता. त्यांना विचारा.

साहेबांनी वहीतली अठरावी ओळ बोटानं शोधली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही हे यादीचं सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

मी म्हटलं, "म्हणूनच तर आठ महिने नाही सांगितलं."

त्यांनी लिहून घेतलं. मी तीन पानं शब्द न शब्द वाचून सही केली. पुढं माझं काय करायचं ते करोत.

आता तुझ्याविषयी. जूनची नोकरी गेली. ती मी घालवली, आणि त्याबद्दल तुझी माफी मागणार नाही. तू म्हणशील, आईनं माझ्या पोटावर पाय दिला. तू रणजीतभाऊंकडं लागली असतीस तर पहिल्याच महिन्यात त्यांनी तुझ्यापुढं कागद सरकवला असता, "पोरी, हितं दुसरी सही मार." न बघितलेल्या कामावर. उपकाराखाली दबलेला माणूस नाही म्हणत नाही. तुझे बाबा इतके सरळ, त्यांनाही नऊ वर्षांत म्हणता आलं नाही. तुला म्हणता येईल अशा जागी तू काम कर, मग ती जागा मिळायला दोन वर्षं लागोत. तोवर माझे हात चालतात.

लोक बोलतील. रुक्मिणीबाईंना मी स्वतःच सांगितलं. त्या रडल्या, म्हणाल्या, "मी ओरडले नसते तर." मी त्यांना म्हटलं, पाणी वाया जात होतं, ओरडायलाच हवं होतं. वाचत मी होते. त्यातला वाटा मी कुणाला देणार नाही, आणि दुसऱ्याचा वाटा माझ्या माणसाच्या अंगावर घेणार नाही. मेलेल्या माणसाचं काय जातं, असं विचारतात. जे जातं ते मी रोज घरात बघते.

करिष्माच्या आईला पत्र लिहिलंय. उत्तराची अपेक्षा नाही. शिव्या आल्या तर वाचीन.

पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळीच भोसरीला गेले. नोकरीसाठी तू रणजीतभाऊंकडं ठेवलेले मूळ दाखले मागितले. त्यांनी तासभर उभं केलं, मी उभी राहिले. दाखले मिळाल्यावर एकेक तपासून घेतला, पावतीवर सही केली आणि दुसऱ्या शिफ्टला कामावर गेले. दाखले या पत्रासोबत आहेत.

तुझी,
आणि नवनाथची अजूनही,

सुभद्रा