तपासणाऱ्याचं नाव

दि. ३ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर शेजारचे धावत आले असते, म्हणून कागद घेतला. आमच्या कंपनीचं डोकं फिरलंय. दवाखान्यांतून घरी गेलेल्या पेशंटांना रोज सकाळी फोन करून विचारपूस करायला आमच्याकडे अकरा नर्स होत्या. त्यांना काढून टाकलं. आता यंत्र फोन करतं, तेही राज्यभरातल्या दवाखान्यांसाठी. आवाज गोड, दमत नाही, रजा मागत नाही. मालक मंत्र्यांच्या शेजारी उभे राहून भर सभेत म्हणाले की आमच्या यंत्राला माया आहे. मावशी, मी चौदा वर्षं प्रोग्राम लिहितेय. ते यंत्र पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधतं, बाकी काही नाही. हे मी मीटिंगमध्ये म्हटलं, तर मॅनेजरांनी मला नकारात्मक ठरवलं.

यंत्राचं प्रत्येक उत्तर माणसाने तपासलं पाहिजे असा सरकारी नियम आहे. नियम करणाऱ्या समितीत आमचेच मालक बसलेत, त्यामुळे पळवाट घरचीच. माझं तोंड बंद करायला त्यांनी मलाच 'मानवी तपासणी प्रमुख' करून टाकलंय. काम काय, तर रोज सकाळी पडद्यावरची 'तपासले' ही एक चौकट दाबायची. हजारो फोन एका बोटाने तपासून होतात. हसावं की रडावं!

काकांच्या पायाचं ऑपरेशन नीट झालं ना? जखम भरतेय का ते कळव.

लोभ आहेच, तो माझ्या तोंडाळपणासकट राहू दे.

तुझी मिरची

*

दि. ११ मार्च

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात धरवेना, इतकं तापलेलं होतं. पण एक बोलू का? मी छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली. कोपऱ्यात सही केली की त्या पानावरची प्रत्येक चूक माझी, ही तिथली शिस्त. न वाचता सही करणाऱ्याला आमचे फोरमन दाराबाहेर उभं करत. तुझी ती चौकट मला काही पचली नाही. एवढं बोलून गप्प बसते.

तुझं गोड यंत्र आमच्याकडेही फोन करतं बरं का. आणि तुझ्या काकांनी उभ्या जन्मात 'बरं' सोडून दुसरं उत्तर दिलेलं नाही. घर पेटलंय म्हटलं तरी बरं म्हणतील. त्यातली बाई विचारते, जखमेला सूज आहे का. हे म्हणतात, बरं. म्हणजे ऐकलं, पुढे बोला. त्यावर ती म्हणते, ऐकून आनंद झाला. मी हसून हसून बेजार होते.

पण कालपासून पाय लाल दिसतोय आणि अंगही तापलंय. ती मात्र रोज सगळं उत्तम म्हणते, आणि दवाखान्यात फोन लावला तरी तीच उचलते. तुला दोनदा फोन केला, तू मीटिंगमध्ये होतीस. तुला त्या यंत्राचं आतलं माहीत आहे. यांना दवाखान्यात न्यावं का, उलट टपाली कळव.

लोभ ठेव, आणि रागाला जरा विश्रांती दे.

मावशी

*

दि. २४ मार्च

मिरचीस,

यांचा पाय गुडघ्याखाली कापला. सर्जनबाई म्हणाल्या की चार दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता. ते चार दिवस मी त्या गोड आवाजावर विश्वास ठेवून तुझ्या पत्राची वाट पाहत बसले. माझं चुकलं, ते मी स्वतःला रोज ऐकवते.

दवाखान्याने फोनचे कागद दिले. चौदा फोन. प्रत्येकापुढे एकच ओळ, 'रुग्णाने प्रकृती बरी असल्याचे सांगितले.' त्याखाली 'तपासले', आणि एक नाव. घरात तुला त्या नावाने कोणी हाक मारत नाही, म्हणून मला ते दोनदा वाचावं लागलं.

तू मालकांवर आग पाखडत होतीस, मंत्र्यांवर आग पाखडत होतीस, आणि रोज सकाळी ती चौकट दाबत होतीस. तुझ्या रागाचा यांच्या पायाला काय उपयोग झाला, तेवढं कळव.

लोभाचं आज लिहवत नाही.

मावशी

*

दि. २ एप्रिल

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

उपयोग शून्य झाला. तुझं अकरा तारखेचं पत्र सहा दिवस माझ्या टेबलावर न फोडता पडलं होतं. मी यंत्राविरुद्ध भलामोठा अर्ज लिहिण्यात गुंतले होते. फोडलं तोवर तू दवाखान्यात होतीस आणि माझे फोन उचलत नव्हतीस.

आता चौदाही फोन ऐकले. काकांचा आवाज रोज बारीक होत गेलाय. शेवटच्या फोनमध्ये ते कण्हतात आणि मग बरं म्हणतात. यंत्राने तेवढा शब्द उचलला. त्या अकरा नर्सपैकी कुठल्याही एकीने विचारलं असतं, काका, कुठलं बरं? मी एकदा ऐकलं असतं तर मलाही कळलं असतं.

काकांच्या पायावरून सरकारी चौकशी लागलीय. मालकांचे वकील म्हणतात, एका शब्दाचा घोटाळा झाला एवढंच लिही, नोकरी राहील. हरामखोर! मी चौकशी अधिकाऱ्यांसाठी सगळा जबाब लिहिलाय. रोज तीस हजार फोन माझ्या नावावर, त्यातला एकही ऐकलेला नाही, आणि हे मालकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोबत जोडलाय. पाठवण्याआधी तू तपास. दुसऱ्या कोणी तपासलेला मला चालणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी मिरची

*

दि. ६ एप्रिल

चि. मिरचीस,
अ. उ. आ.

जबाब तीनदा वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्यात. मोठी चूक एकच, आणि ती पहिल्याच ओळीत. तू लिहिलंयस, 'माझ्याकडून तपासणी होऊ शकली नाही.' असली वाक्यं तुझ्या मालकांना शोभतात. ते खोडून 'मी तपासलं नाही' असं केलंय. बाकीचं तसंच जाऊ दे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझी सही आहे.

माझा राग गेलेला नाही. लोभही गेलेला नाही. दोन्ही सांभाळ.

मावशी

ता. क. यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, बरं. कुठलं बरं, ते या वेळी मी विचारलं. म्हणाले, तिला समोर येऊ दे, मग सांगतो.