पांढऱ्या पेटीवरची थाप

धुळे,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय आयुषी,

फोन केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि या वेळी मला सगळी वाक्यं पुरी करायची आहेत. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे. गिऱ्हाइकांना थोडं थांबव, चहा घे आणि शेवटपर्यंत वाच.

भिवंडीच्या गोदामातल्या बर्फावरच्या स्कूटर मनालीला तुझ्याकडे न्यायच्या, पुढे हंगाम बघून कधी औलीला, कधी गुलमर्गला हलवायच्या, तर बंद ट्रेलर कुठला घ्यावा, असं तू विचारलंस. विचारलंस असं मी म्हणते; खरं तर तुझं आधीच ठरलेलं होतं आणि तुला फक्त माझा होकार हवा होता. होकार देत नाही. का ते पुढे येईल. आधी ट्रेलरचं बोलू, कारण त्यातलं मला कळतं. लग्न होऊन आले तेव्हापासून सोनगीरच्या अलीकडच्या आपल्या शेडमध्ये गाड्यांच्या बॉड्या बांधताना बघते आहे. तुझे पप्पा गिऱ्हाइकाशी गोड बोलत बसतात, तेव्हा मापं मीच घेते.

उघड्या ट्रेलरवर ताडपत्री बांधून नेऊ, असं तुझा भागीदार म्हणतो म्हणे. त्याला सांग, आग्रा रोडची धूळ आत शिरताना ताडपत्रीची परवानगी घेत नाही. बंदच हवा. मशीन मोजताना पुढच्या स्कीपासून मागच्या पट्ट्यापर्यंत स्वतः टेप लावून मोज, विकणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर जाऊ नकोस. अॅक्सल दोन असू देत, म्हणजे एक टायर फुटला तरी ट्रेलर उभा राहील. जड मशीन पुढच्या बाजूला चढव. सगळं वजन शेपटीला गेलं, की बिजासन घाटात पिकअप ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर पिकअपला ओढतो. ब्रेक ट्रेलरचे स्वतःचे हवेत. बांधायच्या कड्या खालच्या लोखंडी चौकटीला वेल्ड केलेल्या हव्यात, प्लायवूडला ठोकलेल्या नव्हेत. मागे रॅम्पचं दार, बाजूला माणसाचं दार. पेट्रोलच्या टाक्या रिकाम्या करूनच मशीन चढवायच्या, कारण बंद पत्र्यात वाफ कोंडते आणि आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. छताला झरोके, तेही कुणाला बुजवता येणार नाहीत असे. आणि दाराला आतून उघडणारी कडी. हे सगळ्यात शेवटी लिहिलं म्हणून सगळ्यात कमी महत्त्वाचं समजू नकोस.

असा ट्रेलर जळगावच्या एमआयडीसीत मिळाला आहे. आपल्या शेडमधल्या तोतारामला घेऊन बघून आले. मालकाने विचारलं, ‘मावशी, साहेब नाही आले?’ म्हटलं, साहेब चहा प्यायला येतात, ट्रेलर बघायला मी येते. मग मात्र त्याने दारं नीट उघडून दाखवली. मी आत उभी राहिले, दारं लावून घेतली आणि कुठून उजेड शिरतो का ते बघितलं. आतली कडी स्वतः सात-आठ वेळा उघडली. मालक तोतारामकडे बघून हसत होता, तोताराम हसला नाही. वस्तू चांगली आहे. रंग करडा आहे, तो तुला आवडणार नाही. आवडून घे.

तुला हवी आहे ती आपल्या शेडच्या मागची पांढरी पेटी, संयमचा बंद ट्रेलर. भाईने स्वतः बांधलेली, भाईच्या हातची, घरची वस्तू पडून का राहावी, असं तू म्हणतेस. तुझे पप्पाही तेच म्हणतात. संयमने ती रावेरची केळी जम्मूकडे न्यायला बांधली होती आणि चांगलीच बांधली होती. वरचा एक झरोका सोडला तर उजेडाची चीर नाही, धुळीचा कण आत जात नाही. उन्हाच्या आणि धुळीच्या मुलखात वाढलेल्या माणसाने बांधलेली पेटी होती ती. बाहेरचं काही आत येऊ नये, एवढाच त्याने विचार केला. कडी एकच, तीही बाहेरून.

आता एक जुनी गोष्ट सांगते. तू लहान असताना पाहिली असशील, विसरली असशील. भडगावला माझ्या माहेरी केळी पिकवायची खोली होती. कच्चे घड रचायचे, शेगडीची धुरी द्यायची, दार बंद करून शेणमातीने लिंपून टाकायचं. आत अंधार, रचणारी माणसं दिसत नसत. म्हणून माझ्या वडिलांचा नियम होता. दार लावण्याआधी बाहेरच्याने दारावर एक थाप मारायची. आत जो असेल त्याने आतून थाप मारायची, जितकी माणसं तितक्या थापा. सगळी बाहेर आल्यावर पुन्हा थाप, आणि आतून काहीच आलं नाही की मगच कडी. ही पद्धत मी सासरी शेडमध्ये आणली. सुरुवातीला सगळे हसले. आता तोताराम रिकाम्या टेम्पोचं दारसुद्धा थाप मारल्याशिवाय लावत नाही.

संयम त्या खोलीत खेळून मोठा झाला. आजोबांबरोबर धुरी द्यायला बसायचा. बंद खोलीत शेगडी ठेवणं हे त्याच्या लेखी रोजचं काम होतं. म्हणून त्या हिवाळ्यात, माल उतरवून परतताना बर्फाने रस्ता बंद झाला, तेव्हा त्याने रिकाम्या पेटीत शेगडी घेतली, झरोक्यात केळीची सुकी पानं कोंबली, आणि थंडी बाहेर ठेवली. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं तुला कुणी सांगितलं नाही. ड्रायव्हर तिकडचाच होता, ऐनवेळी मिळालेला. भरदुपारी अंधारून आलं, वारा सुटला, पेटीचं दार आपटायला लागलं. त्याला वाटलं, संयम ढाब्यावर बसला आहे. त्याने दार ओढलं, कडी घातली आणि केबिनमध्ये जाऊन बसला. दार उघडलं तेव्हा संयम आत धुराने गेलेला होता. नंतर तो इथे येऊन माझ्यासमोर रडला. मी त्याला पाणी दिलं आणि एकच विचारलं, कडी घालण्याआधी थाप मारली होतीस का? त्याला प्रश्नच कळला नाही. कसा कळणार? ती पद्धत आपल्या शेडबाहेर कुणाला माहीत आहे?

पेटी परत आली ती शेडच्या मागे उभी केली. गेल्या उन्हाळ्यात तोतारामने शिंदखेड्याहून आणलेला कच्च्या केळ्यांचा घड सकाळी सावली म्हणून पेटीत ठेवला. जेवणाच्या सुट्टीत काढायला गेला, तर घड पिवळा झालेला. पिकून काळे ठिपके पडलेले. मी जळगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकले आहे. मला माहीत आहे की फळांतून वायू सुटतो, पत्र्यात मुरतो. पेटी सोड्याने धुऊन घेतली, दारं उघडी टाकून सुकवली, पुन्हा घड ठेवला. पुन्हा पिवळा. या वेळी आत शेगडीचा वासही होता, कोळसा नुकताच विझल्यासारखा. कुठे कोळसा नव्हता. मी तोही धुऊन काढला.

मग एकदा दुपारी कडी घालायला मीच गेले. सवयीने थाप मारली. आतून थाप आली.

तोताराम माझ्या मागे पाना घेऊन उभा होता. म्हणाला, ‘अक्का, मझार कोन शे?’ मी म्हटलं, आत कुणी नाही, पत्रा तापला की असा आवाज करतो. दार उघडलं. आत काही नव्हतं, तळाच्या पत्र्यावर दाराच्या चौकोनाएवढं ऊन पडलं. बंद करून पुन्हा थाप मारली. पुन्हा आली. पत्रा तापून जो आवाज येतो तो कडकड येतो, कुठूनही येतो. ही थाप माझ्या तळव्याच्या समोर येत होती, जिथे मी हात ठेवला होता बरोबर तिथे, पलीकडून. जड, सपाट, बोटं पसरून मारलेली. तो लहान असल्यापासून तशीच मारायचा. तोताराम पाना तिथेच टाकून बाजूला झाला. ‘मी नही जास त्या पेटीमां, अक्का,’ एवढंच म्हणाला, आणि तेव्हापासून तो शेडच्या मागच्या बाजूला फिरकत नाही. तुझे पप्पा म्हणतात, त्यांना काहीच ऐकू येत नाही. खरं आहे. पेटीकडे जायचं असलं की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात.

मी घाबरले नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. आईने मुलाला काय घाबरायचं? मला एवढंच कळलं, की त्या दिवशी कुणी थाप मारेल म्हणून तो वाट बघत राहिला असेल, आणि आता थाप आली की उत्तर देतो आहे. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झाल्यावर जाते. थाप मारते. तो मारतो. दार उघडते, थोडा वेळ उभी राहते, शेडमधल्या बातम्या सांगते, येते. तुला हे कधी लिहिलं नसतं. तिकडे एकटी असतेस, उगाच मनावर घेशील.

पण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. आठव काय म्हणालीस ते. पेटी घ्यायला मी स्वतः येते, मम्मी. पिकअपही मीच चालवीन. रस्त्यात थंडी वाढली तर हॉटेल कशाला, मशीनच्या शेजारी पेटीतच झोपेन, भाई झोपायचा तशी. हसत म्हणालीस. जेवायचं ताट वाढलेलं होतं, मी फोन ठेवला. जेवले, आणि नेहमीप्रमाणे मागे गेले.

थाप मारली. त्याची आली, जड, सपाट. मी कडीला हात घातला, आणि तिच्या मागोमाग दुसरी आली. हलकी, जरा खालच्या अंगाला, तुझ्या खांद्याच्या उंचीवर. आणि त्या थापेबरोबर पत्र्यावर कडं वाजलं. तुझ्या उजव्या हातातलं स्टीलचं कडं जसं वाजतं तसं. मी दार उघडलं, आत कुणी नव्हतं. मी तुला फोन लावला, तू उचललास, पलीकडे कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होतीस. ‘काय झालं, मम्मी?’ म्हणालीस. जेवलीस का विचारलं आणि ठेवून दिला. परत जाऊन थाप मारली. पुन्हा दोन. जितकी माणसं तितक्या थापा, आयुषी. नियम माझ्याच वडिलांचा आहे, त्यात मला दुसरा अर्थ काढता येत नाही.

म्हणून काल मी गॅसकटर लावून पेटीच्या बिजागऱ्या कापल्या. तोताराम आला नाही, मीच कापल्या. दोन्ही दारं उतरवून भिंतीला लावली, छताचा पत्राही मधोमध उघडला. आता ती पेटी राहिलेली नाही, तीन भिंती आहेत. तुझे पप्पा बाजूला उभे राहून बघत होते. या वेळी यंत्र कानात होतं. मग मी बाजूच्या पत्र्यावर थाप मारली आणि दोघंही थांबलो. एकच आली. जड, सपाट. बराच वेळ थांबलो, मी पुन्हा मारली, पप्पांनीही मारली. एकच. तुझी आली नाही. पप्पा खाली मातीत बसले आणि म्हणाले, ‘राजकुंवर, करडा ट्रेलर सांगून टाक.’ सांगून टाकला आहे. पुढच्या आठवड्यात तो थेट भिवंडीला पोचेल, तू तिथूनच घे. धुळ्यावरून जाशील तेव्हा घरी ये, जेव, पण शेडच्या मागे जायचं नाही. संयमला तू येते आहेस हे मी सांगितलेलं नाही. दार नाही, कडी नाही, वर आभाळ आहे, तरी तो बाहेर येत नाही. बहुधा कुणीतरी सोबत यावं असं त्याला वाटतं, आणि त्यासाठी मी आहे. ज्या पेटीतून थापेला उत्तर येतं ती रस्त्यावर काढायची नाही, हा आपल्या शेडचा नियम आहे, आणि मी असेपर्यंत तो मोडणार नाही. करड्या ट्रेलरचं दार लावण्याआधी, प्रत्येक वेळी, थाप मार. काही आलं नाही तरच कडी घाल, आणि मला फोन करून सांग की काही आलं नाही.

तुझीच,
मम्मी